मामींच्या देव्हाऱ्यातला ताप

साताऱ्याला जाऊन आलेली माणसं कंदी पेढे आणतात, सांगलीहून आलेली भडंग आणतात. मी या दोन्ही जिल्ह्यांतून एकाच फेरीत हिवताप आणला. तोही जिवंत, मांडीवर घेऊन, एसटीने. कंडक्टरने त्याचं तिकीट मागितलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

ही नव्वदीच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी पीएच.डी. करत होते आणि माझा विषय होता, हिवतापाचा परजीवी आपली बिघडलेली प्रथिनं मोडीत कशी काढतो. येरवड्याला घरी हे सांगितलं तेव्हा आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "म्हणजे त्याचा कचरा कुठे जातो ते बघतेस." मला राग आला होता, पण पुढे सगळे कागद वाचून झाल्यावर मी त्याच वाक्यापाशी येऊन पोचले.

थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कळेल. हा परजीवी आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो आणि दोन दिवसांत एकाचे वीस होतात. इतक्या घाईत काम केलं की माल बिघडणारच. प्रथिनं म्हणजे ठरावीक घडी घातलेले दोरे. घडी विस्कटली की ते प्रथिन निकामी, आणि नुसतं निकामी नव्हे, तर बाकीच्यांना चिकटून गुंता करणारं. म्हणून पेशी अशा बिघडलेल्या प्रथिनाला चिठ्ठी डकवते, चिठ्ठीला चिठ्ठी जोडून शेपूट करते. चिठ्ठ्यांची शेपटी दिसली की पिंपासारखं एक यंत्र ते प्रथिन आत ओढून त्याचे बारीक तुकडे करतं. चिठ्ठ्या मात्र आधी काढून घेतल्या जातात, पुन्हा वापरायला. इतर जिवांत हे लोकांनी पाहिलं होतं. हिवतापाच्या परजीवीत ते मला पाहायचं होतं, आणि वर्षभर डोळे फोडूनही मला चिठ्ठ्यांचा मागमूस दिसला नव्हता.

त्यात गणपतीच्या सुट्टीत आमची उबवणी, म्हणजे परजीवींना सदतीस अंशांवर उबेत ठेवायची पेटी, बंद पडली आणि माझे सगळे परजीवी मेले. नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेले उठवायला गेले तर तेही उठेनात. सर रागावले नाहीत, हेच वाईट होतं. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत नवे वाढताना दिसले तर ठीक. नाहीतर तुझी जागा मला दुसऱ्याला द्यावी लागेल." आमच्या वस्तीतून एवढ्या पायऱ्या चढलेली मी पहिलीच. खाली उतरताना कोण कोण बघत असेल, या विचारानं मला जेवण जाईना.

पुण्यातल्या दवाखान्यांत रुग्ण होते, पण तिथे पोचेपर्यंत प्रत्येकाने कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या घेऊन गिळलेल्या असायच्या, आणि तसल्या रक्तात परजीवी वाढत नाहीत. अशात वैशालीचा फोन आला. वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण, माण तालुक्यात दहिवडीला सरकारी दवाखान्यात डॉक्टर. तिकडची निम्मी पुरुष मंडळी मुंबईत कामाला असतात आणि गणपतीला गावी येताना काही जण हिवताप घेऊन येतात. ती म्हणाली, "एक जण आलाय, त्याने अजून एकही गोळी घेतलेली नाही. आणि कवठे महांकाळला माझ्या ओळखीच्या डॉक्टरकडे आणखी एक आहे. ये लगेच."

मी निघाले.

वडूज

वडूजला जायचं नव्हतं. पुसेगावला घाईत चुकीच्या गाडीत बसले आणि पोचले वडूजला. माझ्या मांडीवर एक जाड काचेचा हंडा होता, वर काचेचंच झाकण, झाकणाला तोटी. यात परजीवींच्या बाटल्या ठेवायच्या, बाजूला मेणबत्ती लावायची, झाकण ठेवायचं. मेणबत्ती आतला बराचसा प्राणवायू खाते आणि विझते, मग तोटी बंद करायची. परजीवींना तसलीच कोंदट हवा मानवते. परदेशातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळांतही हीच युक्ती वापरतात, हे मी पुणे ते वडूज निदान चार माणसांना सांगितलं. चौघांनीही मला लोणचं कसलं आहे ते विचारलं.

वडूजच्या स्टँडवर एक आजीबाई माझ्या पिशवीवर बसल्या. पिशवीत मेणबत्त्यांचा पुडा होता. त्या उठल्या तेव्हा पुड्यात चुरा झाला होता. "काय मोडलं का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही. त्यांनी भरपाई म्हणून ओच्यातून मूठभर शेंगा काढून माझ्या हातात दिल्या, आणि मी त्या दहिवडीपर्यंत खाल्ल्या. बाहेर कुसळं, बाभळी आणि मेंढरांचे कळप, मध्येच एखादं बाजरीचं हिरवं रान. मी इतकी खुशीत होते की त्या ओसाड माळावरसुद्धा प्रेम करावंसं वाटलं.

दहिवडी

वैशालीने मला बघितल्या बघितल्या हुलग्याचं माडगं प्यायला दिलं. आमच्याकडे हुलगे बैलांचं खाणं समजतात असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "मग पी गुमान." त्या गरम, लसणाच्या फोडणीच्या माडग्यानं माझ्या अंगात असा जोर आला की मी दोन वाट्या प्याले आणि बैलांची माफी मागितली.

रुग्णाचं नाव तानाजी. मुंबईत गोदीत माल उचलणारा, पहाडासारखा गडी, आणि हिवतापानं खाटेवर पानासारखा थरथरत होता. वैशालीने त्याच्या काखेतून थर्मामीटर काढला तेव्हा पारा एकशे पाचाला टेकला होता. घरात भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर बघून मी आपसूक जयभीम म्हटलं आणि त्याच्या आईचा चेहराच बदलला. मग मी पाहुणी राहिले नाही, घरचीच झाले.

मी तानाजीला सगळं नीट सांगितलं. थोडं रक्त घेणार, मग लगेच वैशाली गोळ्या देणार. रक्तातला आजार मी पुण्याला नेणार आणि वाढवणार. हरकत असेल तर सांगा, आम्ही तसंच गोळ्या देऊन जाऊ.

दात वाजत असताना तो हसला. "वाढवणार? म्या मराय लागलोय आन तुमी त्येला पाळणार व्हय?"

"त्याचं कसं चालतं ते कळलं, तर त्याला मारायचं नवं औषध करता येईल."

"मग न्या. आन त्येला सांगा, तानाजीनं धाडलंय म्हणावं."

रक्त घेतलं, गोळ्या गेल्या. दवाखान्यात हाताने फिरवायच्या यंत्रावर ते घुमवलं, पेशी धुतल्या, चपट्या बाटल्यांत खाऊ घालून ठेवल्या. आता मेणबत्ती हवी. दुकानात गेले तर वाढदिवसाच्या गुलाबी, हिरव्या, नक्षीच्या तेवढ्याच. रंगाचा धूर परजीवींना चालत नाही. मी परत येऊन तानाजीच्या आईला विचारलं तेव्हा ती हसायला लागली. तिनं तसबिरीखालच्या फळीवरून एक नवीकोरी पांढरी मेणबत्ती काढली. "सांजच्या वंदनेला लावतो की आमी. तुझ्या घरला न्हाईत व्हय?"

माझ्याही घरी होत्या, येरवड्याला, अगदी तसल्याच फळीवर.

कवठे महांकाळ

पुढच्या प्रवासाला वैशालीचे मामा होते. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, कृष्णाकाठी सांगलीच्या अलीकडे उसाचा मळा, आणि फौजेनेच मोडीत काढलेली एक जीप. भाचीला भेटायला आले होते. मला कवठे महांकाळला नेणार, मग मळ्यावर, आणि सकाळी पुण्याच्या गाडीत बसवणार. हंडा बघून त्यांनी विचारलं, "आत किती कैदी हायत?"

"कोट्यवधी."

"आन गार्ड एकटी तू. अवघड हाय."

हंडा मामांच्या घोंगडीत गुंडाळला, आत रबराची गरम पाण्याची पिशवी. थर्मामीटरचं टोक घोंगडीतून बाहेर, आणि मला दर थोड्या वेळानं सदतीस अंश आहे ना ते बघायचं. पिशवी गार झाली की मामा चहाच्या टपरीवर जीप लावायचे. एका टपरीवाल्यानं पिशवीत आधण ओतता ओतता विचारलं, "कुणाच्या पोटात दुखतंय?" मामा म्हणाले, "तापवाल्याला थंडी वाजतीया." त्यानं पैसे घेतले नाहीत.

म्हसवड, आटपाडी मागे पडली. वाटेत मामांनी मला माझा विषय विचारला. मी चिठ्ठ्यांचं आणि पिंपाचं सांगितलं. ते म्हणाले, "मंजी कारखान्यासारखं. तोडीची चिठ्ठी आल्याबिगर ऊस तुटत न्हाई."

"अगदी तसंच."

"चिठ्ठी मिळवायला वशिला लागतो का तिकडं?"

"नाही मामा. बिघडलं की लगेच चिठ्ठी मिळते."

"आन गाळप झाल्यावर चिठ्ठीचं काय?"

"काढून घेतात. पुन्हा वापरतात."

मामांनी गिअर बदलला. "चेअरमनपेक्षा शाणा हाय मग त्यो."

कवठे महांकाळच्या माळावर वारं सुटलं होतं. दुसरा रुग्ण शेळ्या राखणारा एक तरुण. आम्ही त्याच्या दारात पोचलो तर तो बाहेर उन्हात बसून चक्क दाढी करत होता. मुंबईहून आलेल्या शेजाऱ्याकडच्या उरलेल्या गोळ्या त्यानं सकाळीच घेतल्या होत्या. आम्ही कशासाठी आलो ते कळल्यावर तो अर्धी दाढी तशीच ठेवून उठून उभा राहिला. "ताई, चुकलं माझं. वाईच थांबाय पायजे व्हतं."

मी म्हटलं, नाही नाही, बरं झालं, छान झालं. पण माझं तोंड एवढं उतरलं होतं की त्याची आई म्हणाली, "दुसऱ्या कुणाला ताप असंल तर बघू का?" एका माणसाला बरं वाटतंय म्हणून अख्खं अंगण दिलगीर झालेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. त्याला उरलेल्या गोळ्याही पूर्ण घ्यायला सांगून, रक्त तपासायला डॉक्टरकडे जायचं कबूल करवून आम्ही निघालो. मामा जीप चालू करता करता म्हणाले, "एक कैदी फरार."

आता सगळी भिस्त तानाजीच्या हंड्यावर होती. मी तो घट्ट पोटाशी धरला.

मामांचा मळा

मळ्याच्या अलीकडे जीपनं क्लच सोडला. शेवटचा टप्पा आम्ही उसाच्या बैलगाडीतून पार केला, हंडा मध्ये, आम्ही दोन बाजूंना. मामींनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, माझ्यावरून आणि हंड्यावरूनही. मग मामा क्लचची प्लेट आणायला सांगलीला गेले.

मामी म्हणजे ठेंगणी, लखलखीत, बोलायला लागली की हात आधी पुढे येणारी बाई. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर तिखटाचा असा गोळा की मी पाण्याचा तांब्या संपवला. वीज गेलेली होती. स्वयंपाकघरात चुलीच्या मागच्या भिंतीला देव्हारा, शेजारी कोनाड्यात समई, आणि सगळी भिंत छान उबदार. चुलीपासून थोडं लांब, भिंतीशी थर्मामीटर धरला तर बरोबर सदतीस. मला नाचावंसं वाटलं. आमच्या उबवणीला लाजवेल अशी जागा.

बाटल्यांतलं खाऊचं पाणी बदललं, तानाजीच्या आईची मेणबत्ती लावली, झाकण ठेवलं. ज्योत जरा लांबली, निळसर झाली आणि गेली. मी तोटी बंद केली आणि हंडा त्याच भिंतीशी ठेवला.

मामी दाराला धरून उभ्या होत्या. "इजली की गं."

"विझायलाच पाहिजे, मामी. त्यासाठीच लावली."

"इजवायसाठी लावली?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आसंल बाई. तुझं शास्त्र तुला ठावं."

आमच्या घरी मेणबत्ती जळत जळत आपली आपण संपते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लहानपणी मी विचारलं होतं तेव्हा आई म्हणाली होती, सगळ्याचं असंच असतं. मामींच्या घरात मात्र 'दिवा विझला' हा शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढत नाही, दिव्याला निरोप देतात. हे मला माहीत होतं. पण त्या वेळी माझ्या डोळ्यांवर झोप आली होती, भाकरी पोटात होती आणि ओसरीवर वारा होता. मामी म्हणाल्या, "पड जरा," आणि मी पडले.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. आत गेले. हंडा जागेवर नव्हता.

हंडा देव्हाऱ्यात होता. झाकणावर हळदकुंकू, वर जास्वंदीचं फूल. आणि आत, माझ्या बाटल्यांच्या मधोमध, नुकतीच लावलेली एक पणती जळत होती.

"मामी?"

"उठलीस व्हय?" त्या भाकरी थापत होत्या. "आगं, पाव्हनीचा दिवा माझ्या घरात इजला, आन मी बघत बसू? झाकण काढलं, लावला. झाकण ठेवलं की इजतोय. परत लावला. परत इजला. मी काय कमी हाय व्हय? मेणबत्ती संपली, मग पणती ठेवली. देवापाशी ठेवला तरी इजतोय. समदी दुपार आमचं ह्येच चाललंय."

झाकणाला आम्ही दाट ग्रीस लावतो, ते उघडायला आमच्याकडे दोन माणसं लागतात. मामी म्हणाल्या, लोणच्याच्या बरणीपेक्षा काय घट्ट नव्हतं.

मी हंड्याला हात लावला आणि मागे घेतला. काच चांगली तापली होती. खाली चूल, मागे तापलेली भिंत, बाजूला समई, आत पणती. थर्मामीटर मी ओसरीवर घोंगडीत ठेवून झोपले होते. तो आणायचं भानही मला राहिलं नाही. मी पणती बाहेर काढली, हंडा ओढून दूर नेला, आणि जमिनीवर बसून रडायला लागले. लहान मुलासारखी, मोठ्यानं. वर्षभराचं काम, प्रयोगशाळेतली माझी खुर्ची, वस्तीतून चढलेल्या पायऱ्या, तानाजीचे वाजणारे दात, सगळं त्या पणतीनं भाजून काढलं होतं.

मामींच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. हात पिठाचे, तसेच माझ्या पाठीवर. "म्या मारलं व्हय गं त्यास्नी? म्या तर जगावं म्हणून लावत व्हते." आणि त्याही रडू लागल्या. मामा क्लच प्लेट घेऊन दारात आले तेव्हा आम्ही दोघी गळ्यात गळे घालून बसलेल्या. त्यांनी हंड्याकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढली आणि विचारलं, "समदे?"

मग मात्र मला हसू आलं, आणि हसता हसता डोकं थोडं चालायला लागलं. मेले असले तरी तपासायला प्रेत तर नेता येईल. मामा लगेच सायकलवर दूध संकलनाच्या केंद्रावर गेले आणि बर्फ, शिवाय वाटेतल्या दुकानातून एक पांढरी मेणबत्ती घेऊन आले. मी एक बाटली थर्मासमध्ये बर्फात ठेवली. बाकीच्या हंड्यातच, भिंतीपासून लांब, सदतीसला.

"पोस्टमार्टेम?" मामांनी थर्मासकडे बोट दाखवून विचारलं.

"हो, मामा."

"आन ह्ये?" हंड्याकडे.

"आशा."

त्यानंतर मी मेणबत्ती लावली तेव्हा मामी स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन उसात उभ्या राहिल्या. आत काय झालं ते त्यांना बघायचं नव्हतं. सकाळी मला निरोप देताना भडंगाची मोठी पिशवी दिली, आणि हंड्याला हात लावायला भ्याल्या.

पुणे

पुण्यात पोचले ती सरळ प्रयोगशाळेत. हंड्यातल्या एका बाटलीतून थेंब काढला, काचपट्टीवर पसरला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पहिली जागा, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसऱ्या जागी एक निळी अंगठी आणि तिच्यावर एक लाल खडा. तरुण परजीवी असाच दिसतो. मग आणखी एक. मग कडेला एका पेशीत दोन. मी सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढले, पुसले, आणि परत बघितलं. अंगठ्याच अंगठ्या. सोनाराच्या दुकानासारखं.

भाजून निघालेले माझे परजीवी जिवंत होते. तानाजीनं धाडलेले ते हेच.

दुसऱ्या दिवशीही वाढले, तिसऱ्या दिवशी दुप्पट. सर येऊन बघून गेले, जाताना माझी खुर्ची नीट टेबलाशी सरकवली. एवढ्यानं मी त्या रात्री घरी दोनदा जेवले.

पण खरी मजा थर्मासमधल्या बाटलीत होती. पोस्टमार्टेम करायचंच म्हणून मी त्यातली प्रथिनं काढली, आणि चिठ्ठ्या तेवढ्या काळ्या दिसतील अशी फिल्म केली. शेजारी हंड्यातल्या, रात्रभर सदतीसला विसावलेल्या परजीवींची. अंधाऱ्या खोलीतून फिल्म हातात घेऊन बाहेर आले आणि भिंतीला टेकले. बर्फातल्या बाटलीच्या रांगेत वरपासून खालपर्यंत काळा पट्टा. वर्षभर मी ज्या चिठ्ठ्या शोधत होते, त्या सगळ्या एकाच ठिकाणी. आणि शेजारच्या रांगेत जवळजवळ काही नाही. म्हणजे मामींच्या देव्हाऱ्यात प्रथिनं ढीगभर बिघडली, ढीगभर चिठ्ठ्या लागल्या, आणि थोडी उसंत मिळताच परजीवींनी सगळा ढीग मोडून, गिळून, घर स्वच्छ करून ठेवलं होतं. मी वर्षभर त्यांना सदतीसला लाडात वाढवलं होतं. ज्यांचं काही बिघडतच नव्हतं, त्यांचा कचरा मला कुठून दिसणार?

मी आईला फिल्म दाखवली. ती म्हणाली, "सापडला का कचरा?"

सरांनी फिल्म उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली. मग विचारलं, "तापमान किती होतं?"

"माहीत नाही, सर."

"किती वेळ?"

"मामींना भाकरी थापता थापता दिवा लावायला जेवढा लागतो तेवढा."

सर हसले. मी त्यांना हसताना त्यापूर्वी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मग जा आणि मोजून ये."

परत मळ्यावर

दसरा झाल्यावर मी पुन्हा कृष्णाकाठी गेले. या वेळी हंड्यात परजीवी नव्हते, नुसत्या पाण्याच्या बाटल्या आणि त्यात बुडवलेला थर्मामीटर. जाता जाता दहिवडीला थांबले. तानाजी ठणठणीत होऊन मुंबईला परत गेला होता. त्याच्या आईनं मला न विचारता एक पांढरी मेणबत्ती हातात ठेवली.

मामी मला बघून खूश झाल्या आणि हंडा बघून मागे सरकल्या. मी सांगितलं की त्यांच्यामुळंच सगळं जमलं. त्यांचा विश्वास बसेना. "थट्टा करतीस व्हय?" मामा म्हणाले, "आगं, खरंच. फौजेत बी आसं हुतं कवा कवा." मी म्हटलं, त्या दिवशी केलं तसंच सगळं करा, चूल, समई, दिवा, झाकण.

"न्हाई बाई. म्या आता हात लावणार न्हाई. लय रडवलं म्या तुला."

बरीच मनधरणी करावी लागली. जे चुकलं म्हणून ती बाई आठवडे आठवडे झुरत होती, तेच पुन्हा कर म्हणून मी तिच्या मागे लागले होते. शेवटी त्यांनी पदर खोचला. झाकण काढलं, मेणबत्ती लावली, झाकण ठेवलं. विझली. परत. विझली. परत. भाकऱ्या होत राहिल्या. दुपार सरता सरता मी काचेतून पारा वाचला. चाळीस आणि एक्केचाळीसच्या मध्ये. वहीच्या कोपऱ्यात हिशेब करून तो डॉक्टरी मापात बदलला आणि थांबले. एकशे पाच. वैशालीनं तानाजीच्या काखेतून काढलेल्या थर्मामीटरवर तेवढाच होता.

मी मामींना सांगितलं. जिथून ते परजीवी आणले, त्या माणसाला जेवढा ताप होता, नेमका तेवढाच तुमच्या देव्हाऱ्यात होता.

मामी क्षणभर देवाकडे बघत राहिल्या. मग हाताची पालथी बाजू त्या तापलेल्या भिंतीला लावली, लेकराच्या कपाळाला लावतात तशी.

"एवढ्या तापात बी जगली," त्या म्हणाल्या. "म्या मारली न्हाईत."

"नाही मामी. तुम्ही नाही मारली."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला, नाक ओढलं, आणि हंड्यातून मेणबत्ती बाहेर काढून देवापुढं ठेवली. पुन्हा लावली. मी झाकण हातातच धरून बसले.